अण्णांचा बसलेला घसा

माझं लग्न ठरलं त्या दिवशी माझे वडील जवळजवळ एक तास मुके होते. आजार काही नव्हता. मीच त्यांना तसं राहायला सांगितलं होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. मराठवाड्यातल्या आमच्या शहरात, पुंडलिकनगरात आमचं घर आहे, आणि अण्णांचा आवाज गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानापर्यंत जातो. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. शेतं मोजायची, हद्दीचे दगड दाखवायचे, आणि बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या दोन भावांना झाडाखाली बसवून असं काही बोलायचं, की ते वकिलाकडे न जाता जेवायला घरी जायचे. मोजणी कुणीही करू शकतं, पण हे झाडाखालचं काम खात्यात अण्णांनाच जमायचं. निवृत्त झाल्यावरही सिल्लोडकडची, पडेगावची माणसं नकाशाचे पिवळे पडलेले कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसतात. कागद पाच मिनिटांत पाहून होतो, गप्पा दोन तास चालतात.

आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते आणि उर्दूत शिकलेले. त्यामुळे तसल्ली, फिकीर, खामखा हे शब्द आमच्या घरात पिढीजात आहेत. त्यावर लई, व्हय आणि नाय यांची फोडणी. अण्णा असंच बोलतात. म्हणजे माझ्याशी सोडून बाकी सगळ्यांशी असं बोलतात, पण त्यावर मी येणारच आहे.

कुणाचं बोलणं चांगलं आणि कुणाचं हलकं, याची आमच्या शहरात एक उतरंड ठरलेली आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण लहान पोरांनाही पाठ असते. शहरातली माणसं सिल्लोडवाल्यांच्या बोलण्याला हसतात. सिल्लोडवाले त्यांच्या पलीकडच्या, खानदेशी हेल काढणाऱ्यांना हसतात. बीडचा माणूस साधी वेळ विचारत असला तरी भांडायला आलाय असं आम्हाला वाटतं, आणि नांदेडचा माणूस वाक्य इतकं लांबवतो की तोवर आपण काम उरकून येतो. नागपूरचं बोलणं ऐकलं की आमच्याकडची माणसं उगाच गालात हसतात, जणू स्वतः निम्मं हिंदी बोलतच नाहीत. आपापल्या खालचा एकेक जण प्रत्येकाला सापडलेला आहे, त्यामुळे सगळे समाधानी आहेत. राहता राहिलं पुणं. पुण्याचं बोलणं आमच्याकडे कुणालाही आवडत नाही, आणि आपल्या मुलांनी मात्र तसंच बोलावं असं प्रत्येकाला वाटतं.

ही इच्छा मी पूर्ण केली. बारावीनंतर पुण्याला शिकायला गेले. वसतिगृहातल्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी काय करतेयस म्हणून विचारलं आणि मी म्हणाले, "जेवायलेय." माझ्या खोलीतल्या मुलीनं शेजारच्या खोलीतल्या दोघींना बोलावून आणलं आणि मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हणूनही दाखवलं, कारण तेव्हा मला वाटलं की त्यांना ऐकू आलं नसेल. समजलं तेव्हा पोळीचा घास तोंडात फिरायला लागला. सहा महिन्यांत मी सगळं पुसून टाकलं. पुढे लोक मला कौतुकानं म्हणायला लागले, "तू अजिबात तिकडची वाटत नाहीस हं." हे मी पदकासारखं मिरवलं. तिकडची वाटणं म्हणजे खरूज झाल्यासारखं काही आहे का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

उलट सुट्टीत घरी आले की मी सगळ्यांना दुरुस्त करत सुटायचे. आईला करायचे, शेजारणींना करायचे. एकदा भाजीवालीला केलं, तर तिनं जुडी परत घेतली आणि मला दुसरीकडून घ्यायला सांगितलं. अण्णांना सगळ्यात जास्त दुरुस्त करायचे. ते हसायचे आणि पुढचं वाक्य मुद्दाम जास्तच गावरान बोलायचे.

मग पुण्यातच नोकरी लागली, तिथल्या ऑफिसातला एक मुलगा मला आवडला आणि मी त्याला आवडले. मूळचा पुण्याचा, पेठेतला. आमचं आम्ही ठरवून टाकलं होतं, पण त्याच्या आईला सगळं रीतसर हवं होतं. म्हणजे त्यांनी आमच्या घरी बघायला येणं, पोहे, ओळखपाळख, सगळं. त्यानं मला हसत हसत सांगितलं की आई म्हणतेय, मराठवाड्याची माणसं मनानं फार चांगली असतात. कुणाच्या मनाची अशी आधीच स्तुती झाली, की बाकी कशाबद्दल शंका आहे हे ओळखावं. पुढे त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या थोरल्या भावासाठी सोलापूरकडची एक मुलगी सांगून आली होती. सगळं पसंत होतं, पण मुलीचे वडील बोलायला लागले की भांडण चालू आहे असं वाटतं, म्हणून त्याच्या आईनं नकार कळवला होता. त्याला ही गंमत वाटत होती. मला मात्र माझे वडील डोळ्यांपुढे दिसायला आणि त्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

पाहुणे यायच्या आधी आठ दिवस मी रजा काढून घरी आले आणि अण्णांची शिकवणी सुरू केली. एका कागदावर मी आठ वाक्यं लिहून दिली. आपण आल्यानं फार आनंद झाला. प्रवासात त्रास तर नाही ना झाला? अशी सगळी. अण्णा खात्याच्या परीक्षेला बसल्यासारखे चष्मा लावून कागद घेऊन बसायचे आणि पंचनामा वाचावा तसं वाचायचे. एवढ्या मोठ्या माणसाला 'प्रवासात त्रास' म्हणताना घाम फुटायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी आनंदाच्या आधी 'लई' घातला आणि माझा तोल गेला.

"अण्णा, तुम्ही तोंड उघडलं की सगळं कळतं," मी म्हणाले.

"काय कळतं?" अण्णांनी विचारलं.

ते चिडले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, तसं नाही हो, आणि विषय बदलून टाकला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोडगा काढला. अण्णांचा घसा बसलाय असं सांगायचं. त्यांनी नुसतं हात जोडायचे, हसायचं आणि मान हलवायची. अण्णांनी फार वेळ घेतला नाही.

"बरं हाय," ते म्हणाले. "बसला म्हणा घसा. एका दुपारचं तर हाय, त्यात काय एवढं."

किती समजूतदार वडील मिळालेत मला, असं मनात म्हणून मी पडद्यांचं कापड बघायला गेले.

आईला मी मोकळं सोडलं होतं, कारण ती स्वयंपाकघरातच असणार होती. पण आईनं आपली तयारी टीव्हीवरच्या मालिकांतून परस्पर करून ठेवली होती. पाहुणे दारात आले आणि ती टाळ्या वाजवून म्हणाली, "अय्या, आलात सुद्धा!" जन्मात आई कधी अय्या म्हणाली नव्हती. पुढे तासभर ती इतक्या लाडिक सुरात बोलत होती, की पोह्यांची बशी पुढे करतानाही कुणाचं तरी डोहाळजेवण चाललंय असं वाटत होतं. पाहुण्यांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही.

अण्णा कोचावर बसले होते. दिवस एप्रिलचे, बाहेर आमच्या शहराचं ऊन, आणि अण्णांच्या गळ्यात मफलर. मी तो सांगितला नव्हता. ही त्यांची स्वतःची भर होती, काम हाती घेतलं की चोख करायचं म्हणून. त्यांनी हात जोडले, बोटानं घसा दाखवला आणि असं काही ओशाळं हसले, की माझाही क्षणभर विश्वास बसला. मुलाच्या आईला कळवळा आला. तिनं खडीसाखर सांगितली, ज्येष्ठमध सांगितला, हळदीचं दूध सांगितलं, आणि प्रत्येकाला अण्णांनी मान हलवली. मध्येच त्यांचा फोन वाजला. पडद्यावर सिल्लोडच्या एका शेतकऱ्याचं नाव होतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन बंद केला. कुणाचाही फोन त्यांनी असा कापलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. पण मुलाच्या आईनं येताना आपल्या भावाला बरोबर आणलं होतं, आणि ते कोण आहेत हे मला माहीत नव्हतं. ते शांतपणे पोहे खात होते. बाईंनी एकदम कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाल्या, अहो मी खडीसाखर काय सांगत बसलेय, हा कान-नाक-घशाचाच डॉक्टर आहे की.

डॉक्टरांनी बशी खाली ठेवली, हात धुतले, मोबाईलचा दिवा लावला आणि अण्णांच्या समोर खुर्ची ओढून बसले. चमचा आईनंच आणून दिला, त्याच लाडिक सुरात. अण्णांनी मफलर सोडला आणि आ केला. माझा जीव त्या चमच्यावर होता. डॉक्टरांनी उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं आणि दिवा बंद केला.

"घसा तर स्वच्छ आहे," ते म्हणाले. "काहीतरी बोलून बघा बरं."

खोलीतले सगळे अण्णांकडे बघत होते. अण्णा माझ्याकडे बघत होते. आता लग्न मोडलं, असं मी स्वतःशी अगदी स्पष्ट म्हणाले.

"आता बराच आराम आहे," अण्णा म्हणाले. "आपण आल्यानं फार आनंद झाला. प्रवासात त्रास तर नाही ना झाला?"

आवाज खालचा, शब्द सुटे सुटे, सूर थेट पेठेतला. मुलाची आईही इतक्या सफाईनं बोलली नसती. मागाहून आईनं मला सांगितलं. आमच्याकडे नळाला पाणी इतक्या दिवसांनी येतं, की आलं की घरातलं कुणीतरी टाकी भरेपर्यंत गच्चीवर उभं राहतं. घसा बसवायचं ठरल्यानंतरही अण्णा माझा कागद घेऊन गच्चीवर जायचे. टाकी भरली तरी उतरायचे नाहीत. तिनं विचारलं तेव्हा म्हणाले होते, ऐनवेळी पोरीची फजिती नको.

आठही वाक्यं त्यांनी त्या दुपारी वापरली. वाक्यं संपल्यावर मुलाच्या आईनं दौलताबाद इथून किती लांब आहे असं विचारलं. तो रस्ता अण्णांच्या पायाखालचा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंची निम्मी शेतं त्यांनी मोजलेली आहेत. पण हा प्रश्न कागदावर नव्हता. अण्णा खोकले. डॉक्टर म्हणाले की आता घशाला ताण नका देऊ, आणि वेळ निभावली. निघताना मुलाच्या आई अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही अजिबात इकडचे वाटत नाही हो."

"धन्यवाद," अण्णा म्हणाले.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. खोटं कशाला सांगू, मला फक्त आनंद झाला होता. लाज पुष्कळ नंतर वाटली.

लग्न झालं आणि मी पुण्यात सासरी आले. दोन-तीन वर्षांत वारं फिरलं. मोबाईलवर मराठवाड्याच्या बोलीतले विनोदी व्हिडिओ यायला लागले आणि सासूबाई त्यांच्या प्रेमात पडल्या. जेवण झालं की आरामखुर्चीत बसून त्या एकामागून एक बघतात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात आणि म्हणतात, किती गोड बोलतात गं ही माणसं, काही आडपडदाच नाही. सोलापूरकडच्या त्या मुलीची आठवण त्यांना येत असेल असं वाटत नाही. आता घरी पाहुणे आले की ठेचा वाढून झाल्यावर सासूबाई मला सांगतात, "ए, तुमच्याकडचं बोलून दाखव ना जरा." मी ताट हातात घेऊन "काय करायलास रे" म्हणते आणि पाहुणे हसतात. वसतिगृहात हेच फुकट केलं होतं, इथे निदान वाहवा मिळते.

एकदा अशाच जेवणानंतर त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "हिचे वडील मात्र अगदी शुद्ध बोलतात हं. त्यांना ही भाषा येतसुद्धा नसेल. येते का गं?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांना नाही येत."

घसा बसल्याच्या त्या दुपारनंतर अण्णा माझ्याशी कागदावरच्यासारखंच बोलायला लागले होते. फोन उचलला की, "कशी आहेस? जावई बरे आहेत ना? हवा कशी आहे तिकडे?" पहिल्यांदा मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. मी हसले, तेही सभ्यपणे हसले. मग वाटलं, चार दिवसांत विसरतील. पण अण्णा काम अर्धवट सोडणाऱ्यांतले नाहीत. आठाची ऐंशी वाक्यं झाली. मी शिकवलं त्याहून चांगलं त्यांना यायला लागलं. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की अण्णा माझ्यावर आता रागावत नाहीत, मला चिडवत नाहीत, गल्लीतली लफडी सांगत नाहीत, आईची तक्रार करत नाहीत. ते सगळं त्यांना त्यांच्या भाषेत येत होतं. मी शिकवलेल्या भाषेत त्यांना फक्त पाहुण्यांशी बोलता येतं.

गेल्या वर्षी माझ्या पोटातलं बाळ गेलं. मी दवाखान्यात होते. अण्णा सकाळची पहिली गाडी पकडून आले आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसले. मी त्यांची वाट बघत होते. आईची नाही, नवऱ्याची नाही, अण्णांची. भांडून थकलेली माणसं ज्यांचं बोलणं ऐकून शांत होतात, ते माझे वडील आता मला काय म्हणतात याची मी वाट बघत होते. अण्णांनी घसा खाकरला.

"काळजी करू नकोस," ते म्हणाले. "विश्रांती घे. सगळं ठीक होईल."

थोड्या वेळानं आईचा फोन आला म्हणून ते उठून पडद्यापलीकडे गेले. आवाज दाबून बोलत होते, पण अण्णांचा दाबलेला आवाजही वॉर्डभर ऐकू जातो. "लई वाईट झालं गं," ते आईला सांगत होते. "लेकरू पार सुकून गेलंय. डोळ्यानं बघवंना झालंय मला." ते रडत होते. मी पडद्याच्या अलीकडे उशीत तोंड घालून ते ऐकत राहिले, आणि त्या दिवसांत मला जो काही धीर आला तो त्या तीन वाक्यांनी आला. पण ती त्यांनी आईला सांगितली होती. माझ्या वाटणीची वाक्यं ते आत सांगून गेले होते.

बरी झाल्यावर मी पुंडलिकनगरला गेले. कळवलं नव्हतं. फाटकातच अण्णांचा आवाज ऐकू आला. ओट्यावर सिल्लोडचा तो शेतकरी बसला होता, त्या दुपारी ज्याचा फोन कापला होता तोच, मध्ये नकाशा पसरलेला, आणि अण्णा त्याला कुणाच्या तरी मोजणीचा किस्सा सांगत होते. "मी म्हणलं खामखा कामून तंडायलास, बांध काय तुव्ह्या बापानं घातलाय व्हय," असं काहीतरी, आणि दोघंही मांडीवर थापा मारून हसत होते. मी फाटकाशी थांबून ऐकलं. शेवटी त्या शेतकऱ्यानं मला पाहिलं आणि अण्णांना खूण केली. अण्णांनी चष्मा सारखा केला आणि उभे राहिले.

"ये," ते म्हणाले. "प्रवासात त्रास तर नाही ना झाला?"

मी पिशवी तिथेच टाकली आणि रडायला लागले. म्हटलं, अण्णा, पुरे करा आता. माझं चुकलं, मी मूर्ख होते, माझ्याशी नीट बोला, आधी बोलायचात तसं बोला. अण्णा गोंधळले. त्यांनी मनापासून प्रयत्न केला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शब्द आला नाही. तो शेतकरी नकाशाची घडी घालत खाली बघत होता.

"इथे कुणी परकं आहे का, अण्णा?" मी म्हणाले. "कुणाला भिताय?"

अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तू आहेस ना," ते म्हणाले.